मामांचे अर्धदातेरी चाकू

घडीच्या चाकूचं पातं टोकाकडे साधं आणि मुठीकडे दातेरी असेल, तर संग्राहकांच्या बाजारात तो चाकू बहुतेक वेळा त्याच मॉडेलच्या साध्या धारेच्या चाकूपेक्षा स्वस्त जातो. एवढं मला ऐकून माहीत होतं. पण तो स्वस्त का जातो, कोणत्या वेळी जात नाही, आणि त्या दात्यांवरून एखाद्या चाकूचं अख्खं आयुष्य कसं वाचता येतं, हे मामांच्या संग्रहाची किंमत ठरवायला बसलो तेव्हा एकेक पातं हातात घेऊन कळलं.

मामा सावद्याचे. चहूकडे केळीच्या बागा असलेल्या गावातला माणूस जहाजावर इंजिनिअर म्हणून गेला, याचं गावाला शेवटपर्यंत कौतुक होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून वीसेक वर्षं ते मालवाहू जहाजांवर होते. लोक परदेशातून घड्याळं आणि परफ्यूम आणायचे, मामा चाकू आणायचे. मागच्या वर्षी ते गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मामींनी मला बोलावून घेतलं. मी भुसावळला टूलरूममध्ये काम करतो, पोलाद आणि धार हा माझा रोजचा विषय, आणि लहानपणी मामांच्या पेटीपुढे तासन्‌तास बसणारा भाचा मीच. मामी म्हणाल्या, "भाऊ, तिन्ही पोरींमधी सारखं वाटायचं हाये. कोनाले कमी, कोनाले जास्त झालं असं नको वाटाले. तू भाव लिहून दे."

सारखं वाटायचं तर आधी भाव हवा, आणि भाव हवा तर आधी ओळख हवी. म्हणून पहिल्या बैठकीत किमतीचा विषयच काढला नाही. पांढऱ्या चादरीवर सगळे चाकू मांडले आणि पात्यांप्रमाणे तीन रांगा केल्या: साध्या धारेचे, पूर्ण दातेरी, अर्धदातेरी. साधी धार असलेली रांग सर्वांत छोटी निघाली. जहाजावरच्या माणसाचा संग्रह आहे म्हटल्यावर हे असंच असणार. डेकवर कापायचे असतात ते नायलॉनचे आणि पॉलीप्रॉपिलीनचे दोर, तेही ओले आणि ताणलेले. गुळगुळीत धार अशा दोरावरून घसरते. दात्याचं टोक आधी धाग्यात रुततं, मग आतल्या गोलाईतली धार धागा कापते. पात्याची लांबी तेवढीच राहते, पण गोलाया धरून मोजली तर धारेची लांबी वाढते. शिवाय पातं कशावर आपटलं तरी मार टोकांना बसतो, आतली धार वाचते. टोकं बोथट झालेला दातेरी चाकूसुद्धा दोर कापत राहतो तो याच कारणाने.

घडीच्या चाकूवर हे दाते आणण्याचं श्रेय अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या स्पायडरको कंपनीकडे जातं. सॅल ग्लेसर यांच्या या कंपनीने १९८१ साली वर्कर नावाचा पहिला घडीचा चाकू काढला. पात्यात अंगठ्यासाठी गोल भोक आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप, ही आज सगळीकडे दिसणारी जोडी तिथून पुढे रुळली. १९८२ साली त्यांनी खास दर्यावर्दी लोकांसाठी मरीनर काढला आणि त्याचं पातं पूर्ण दातेरी ठेवलं. एक मोठा दाता, दोन छोटे, पुन्हा एक मोठा, अशी त्यांची रचना आजही ओळखीची आहे. मामांच्या पेटीत एक मरीनर होता. सगळा पोलादी, हातात घेतला की वजन जाणवणारा, आणि भरपूर वापरलेला.

मग १९९० साली याच कंपनीचे एन्ड्युरा आणि डेलिका हे चाकू आले. मूठ हलक्या नायलॉनची, बनावट जपानमधल्या सेकी शहरातली. त्या दशकात अमेरिकेत अर्ध्या-अर्ध्या पात्याची लाट आली होती. पोलीस, सैनिक, आगीच्या बंबावरचे लोक, शिडाच्या बोटीवाले, सगळ्यांना एकाच पात्यात दोन्ही कामं हवी होती: सीटबेल्ट आणि दोर कापायला दाते, बाकी कामाला साधी धार. दुकानात जाऊन पहिलाच चाकू घेणारा माणूसही हेच पातं उचलायचा, कारण एकात दोन मिळाल्यासारखं वाटायचं. मामांचे बहुतेक अर्धदातेरी चाकू याच काळातले आहेत.

किंमत घसरण्याचं पहिलं कारण इथेच सापडतं. ज्या पात्याची चलती होती ते जास्त बनलं, जास्त विकलं गेलं, आणि जास्त वापरलंही गेलं. संग्राहक शोधतो न वापरलेलं आणि कमी बनलेलं. दुसरं कारण कामाचं आहे. तीन इंचांच्या पात्यात निम्मे दाते घातले तर साधी धार उरते दीड इंच, आणि तीही टोकाकडे. लाकूड तासायला, काडीला खाच पाडायला जिथे हाताचा जोर सर्वांत जास्त लागतो, ती मुठीजवळची जागा दात्यांनी घेतलेली असते. चाकूचा खरा शौकीन हे चटकन ओळखतो.

तिसरं कारण सर्वांत जड आहे: धार लावणं. आपल्या शेतात हे रोज दिसतं. साधा विळा लोहाराकडे जातो, पाजळून येतो आणि वर्षानुवर्षं चालतो. दातेरी वैभव विळा मात्र बोथट झाला की कोणी लोहाराकडे नेत नाही, नवा आणतात. चाकूचं तेच होतं. साधी धार दगडावर पुन्हा आणता येते, आणि जाणत्या हाताने आणली तर कंपनीच्या धारेहून सरस होते. दात्यांची गोलाई मात्र कंपनीत ठरावीक आकाराच्या चाकाने, पात्याच्या एकाच बाजूने कोरलेली असते. घरी हिऱ्याच्या निमुळत्या कानशीने एकेक गोलाई घासून धार परत येते, पण दर घासण्याला तिचा मूळ आकार थोडा बदलतो. गेलेला दाता पूर्वीसारखा परत येत नाही. म्हणून घेणारा दातेरी चाकू पाहताना मनातल्या मनात आधीच किंमत कमी करून ठेवतो.

मला जे सांगायचंय ते याच तिसऱ्या कारणाच्या पोटात आहे. जो दाता परत आणता येत नाही, तो खोटाही बोलू शकत नाही.

पाहणीला मी दोन हत्यारं वापरली, घड्याळजीचं दहापट भिंग आणि व्हर्निअर. साध्या धारेचा चाकू कधीच पाजळलेला नाही, असं विकणारा सांगतो तेव्हा ते तपासणं कठीण असतं. काम सफाईने झालेलं असेल तर पात्याची उंची अर्धा मिलिमीटर कमी झालेली नजरेला दिसत नाही, आणि त्या मॉडेलचं मूळ माप जवळ नसेल तर व्हर्निअरही काही सांगत नाही. अर्धदातेरी पात्यावर मात्र एक जागा आहे जिथे सगळं उघडं पडतं: साधी धार संपते आणि पहिला दाता सुरू होतो तो सांधा. चाकू वापरणारा साधी धार दगडावर पुन्हा पुन्हा लावतो आणि दाते तसेच सोडतो, कारण ते त्याला जमत नाहीत. साधी धार झिजून आत सरकते, दाते जागच्या जागी राहतात, आणि सांध्यावर एक पायरी तयार होते. कंपनीतून आलेल्या पात्यात ती पायरी नसते. बोटाच्या नखाला ती डोळ्यांच्या आधी लागते.

पेटीत दोन एन्ड्युरा होते, दोन्ही अर्धदातेरी, एकाच पिढीतले. वरवर पाहिलं तर काळ्या मुठीचा चाकू जास्त चकचकीत, म्हणून धाकटी मामेबहीण म्हणाली, "दादा, हाच भारी असणार." भिंगाखाली धरला तर सांध्यावर स्पष्ट पायरी, आणि पात्याच्या सपाट बाजूवर दात्यांच्या मागे आडवे ओरखडे. म्हणजे कोणीतरी दात्यांची धार काढायला सपाट बाजू दगडावर टेकवली होती. यात दाते लवकर उथळ होतात. गोलाईच्या बाजूने कानस फिरवायची आणि सपाट बाजूला फक्त आलेला बर, म्हणजे घासताना कडेला उठलेला धातूचा बारीक पापुद्रा, हलक्या हाताने काढायचा, ही खरी रीत. दुसरा एन्ड्युरा धुळीने माखलेला, क्लिपवर खरवडलेला, पण सांधा सरळ, आणि गोलायांच्या आत कंपनीच्या चाकाच्या बारीक समांतर रेघा जशाच्या तशा. तो चाकू खिशात भरपूर फिरला होता, पण त्याने कापलं फारसं काही नव्हतं. धाकटीला मी भिंग दिलं आणि दोन्ही पाती दाखवली. नंतरच्या सगळ्या चाकूंचे सांधे तिनेच तपासले, मी फक्त लिहीत गेलो.

एक चाकू नकली निघाला तोही दात्यांवरूनच. मुठीवर नामांकित अमेरिकन कंपनीचं चिन्ह, पात्यावर पोलादाचं नाव, सगळं व्यवस्थित. पण गोलाया एकसारख्या अंतरावर नव्हत्या, दोनांच्या मधल्या टोकांवर बर तसाच सोडलेला, आणि शेवटचा दाता पात्याच्या बुंध्याशी अर्धवट कापलेला. चिन्ह कोरणं सोपं, दात्यांची ओळ नीट कोरणं कष्टाचं. कुठल्या तरी बंदरातल्या फूटपाथवर तो मामांच्या गळ्यात मारला गेला असणार. तो यादीतून वेगळा काढला.

आणि एका चाकूचे दातेच नव्हते. तो मामांनी बऱ्याच वर्षांपूर्वी बागेतल्या सालदाराला वापरायला दिला होता. केळीच्या झाडांना आधार देताना बांधलेली सुतळी आणि प्लॅस्टिकची पट्टी कापायची, ठिबकच्या नळ्या तोडायच्या, सुकलेली पानं काढायची, हे सगळं त्याने त्या चाकूने केलं. आता म्हातारे झालेले ते सालदारबाबा मला म्हणाले, "पहिल्या दोन-तीन सालात सुतयी अशी तुटे का काही इचारू नको." मग गावात सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याने पातं सरसकट चाकावर धरलं आणि टोकं सपाट झाली. आता नुसत्या लाटा उरल्यात. संग्रह म्हणून त्याचा भाव शून्य. पण दात्यांचा उपयोग काय, हे मला त्या चाकूइतकं दुसऱ्या कोणी पटवून दिलं नाही.

स्वच्छता करताना मी हात आखडता ठेवला. गोलायांत वर्षानुवर्षांची घाण आणि दोन चाकूंवर केळीचा वाळलेला चीक होता. कोमट पाणी, चार थेंब साबण, मऊ दातांचा ब्रश, लगेच कोरडं करणं, आणि पातं जिथे मुठीत फिरतं त्या खिळीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एवढंच. थोरल्या ताईचे यजमान पॉलिशची डबी घेऊन आले होते. त्यांना विनंती करून थांबवलं, कारण पॉलिशने गोलाईतल्या त्या बारीक रेघा पुसल्या जातात आणि त्या रेघा हाच न वापरल्याचा पुरावा असतो. घरातलं खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेलही नको, ते काही महिन्यांत चिकट होऊन खटका जाम करतं. चामड्याच्या म्यानात ठेवलेला बक कंपनीचा ११० नंबरचा चाकू बाहेर काढला तर मुठीच्या पितळेच्या टोप्यांवर हिरवट थर चढलेला. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळेला खातात. म्यान जपावं, पण चाकू त्याच्याबाहेर ठेवावा.

साध्या धारेच्या रांगेला फार वेळ लागला नाही, कारण तिथे कंपन्यांनीच सोय करून ठेवली आहे. बक कंपनी १९८६ पासून पात्याच्या बुंध्यावर वर्षाची खूण ठोकते. केस कंपनीच्या चाकूवर १९७० साली दहा ठिपके होते आणि पुढे दरवर्षी एक कमी होत गेला, ठिपके मोजले की साल कळतं. स्विस सैन्याच्या १९६१ सालच्या नमुन्याच्या ॲल्युमिनियम मुठीच्या चाकूवर तर वर्षाचे शेवटचे दोन आकडे सरळ छापलेले असतात. मामांकडे त्यातला एक होता.

त्याच्याशेजारी त्याचा वारसदार ठेवलेला होता, कोणीतरी मामांना निवृत्तीनंतर भेट दिलेला. स्विस सैन्याने २००८ साली जुना नमुना बदलून व्हिक्टोरिनॉक्सचा नवा, एका हाताने उघडणारा, १११ मिलिमीटरचा चाकू निवडला आणि त्याचं पातं अर्धदातेरी ठेवलं. इथे दाते टोकाकडे आहेत आणि साधी धार मुठीकडे. लाकूड तासायची जागा मोकळी राहिली, आणि दोर कापताना ओढीच्या शेवटी दाते कामाला येतात. मला ही मांडणी जास्त विचारपूर्वक केलेली वाटते. पण संग्राहकांचा जीव अजून जुन्या साध्या पात्यावर आहे. सत्तेचाळीस वर्षं चाललेला नमुना, वर्षवार गोळा करता येणारा, आणि आता बंद. नव्या चाकूची वेळ यायची असेल तर तो बंद झाल्यावर येईल.

जहाजी चाकूंच्या बाबतीत वेगळंच दिसलं. मायर्चिन नावाच्या कंपनीचा एक चाकू होता, एका बाजूला अर्धदातेरी पातं, दुसऱ्या बाजूला दोराच्या गाठी सोडवायचा निमुळता सुळा. या वर्गात घेणाऱ्याला दाते हवेच असतात. इथे दात्यांमुळे भाव पडत नाही, सुळ्याचं टोक वाकलेलं असेल तर पडतो. म्हणजे अर्धदातेरी असणं ही स्वतःहून खोट नाही. चाकू कोणत्या कामासाठी जन्मला आणि घेणारा त्यात काय शोधतो, यावर ते ठरतं.

भाव लिहायची वेळ आली तेव्हा मी एक नियम केला आणि बहिणींनाही समजावला: मागितलेली किंमत धरायची नाही, विकला गेलेला आकडा धरायचा. परदेशी लिलावांच्या जागांवर विकल्या गेलेल्या वस्तूंची नोंद दिसते, तीच पाहायची. दुसरं, धारेचा प्रकार जुळल्याशिवाय तुलना करायची नाही. स्पायडरकोच्या क्रमांकाला साध्या धारेसाठी पी, पूर्ण दातेरीसाठी एस आणि अर्ध्यासाठी पीएस अशी अक्षरं लागतात, पण विकणारे बरेचदा ती लिहीत नाहीत, फोटो मोठा करून दाते पाहावे लागतात. साध्या धारेचा भाव अर्धदातेरीला लावला तर ज्या बहिणीच्या वाट्याला तो येईल तिचं नुकसान होणार होतं. तिसरं, परदेशातला आकडा जसाच्या तसा रुपयांत बदलायचा नाही. इथून पाठवायचा खर्च, तिकडचा कर, आणि आपल्याकडे अशा वस्तू घेणारे मोजके, हे सगळं त्यातून वजा व्हायला हवं.

कायद्याचीही एकदा खात्री करून घेतली, कारण थोरल्या ताईला त्याची काळजी होती. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे. आमच्यातलं एकही पातं त्याच्या जवळपास जात नव्हतं. तरी विमानाने जाताना हातातल्या सामानात चाकू ठेवायचा नाही, हे नाशिकच्या बहिणीला बजावून सांगितलं.

खरी अडचण डेलिकांपाशी आली. तीन डेलिका होते. तिन्हींच्या पात्यावर एटीएस-५५ हे पोलादाचं नाव, तिन्हींची क्लिप मुठीबरोबरच साच्यात ओतलेली. नंतरच्या व्हीजी-१० पोलादाच्या पिढीत धातूची क्लिप आली, म्हणजे हे तिन्ही नक्की त्याआधीचे. ओतलेली क्लिप तुटते, तुटली की जोडता येत नाही, आणि इथे तिन्ही शाबूत. एक साधा, एक पूर्ण दातेरी, एक अर्धा. मामांनी जाणूनबुजून जोडलेला संच होता तो. तीन मुली आणि तीन डेलिका, तेव्हा मामींना वाटलं वाटणी देवानेच करून ठेवली आहे. पण एकेकटा धरला तर साध्याचा भाव सर्वांत जास्त, पूर्ण दातेरीचा त्याखाली, आणि अर्ध्याचा सर्वांत कमी. तो ज्या मुलीकडे जाईल तिला कमी मिळणार, आणि मामींना नेमकं तेच नको होतं.

पुण्याच्या एका संग्राहकाशी मी फोनवर बोललो. अर्धदातेरी डेलिका एकटा द्यायचा असेल तर साध्याच्या निम्म्याच्या आसपास, असं त्यांनी आधी सांगितलं. मग तिघांचा एकत्र फोटो पाठवला. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला, आणि बोलण्याचा सूर बदललेला होता. साधे न वापरलेले मिळतात, पूर्ण दातेरीही मिळतात. एकाच पिढीतले, क्लिप शाबूत असलेले तिन्ही प्रकार एकत्र मिळणं अवघड, आणि त्यातही अडचण नेहमी अर्धदातेरीचीच येते, असं त्यांचं म्हणणं. कारण तो लोकांनी वापरायला घेतला होता, म्हणून न वापरलेला उरतच नाही. ज्या चाकूला एकटा असताना सर्वांत कमी भाव, संचात तोच अडवून धरतो.

ते स्वतः सावद्याला आले. मामींच्या हातची शेवभाजी आणि कळण्याची भाकरी जेवले, मग खिशातून स्वतःचं भिंग काढलं. साध्या डेलिकावर त्यांनी क्षणभर नजर टाकली. अर्धदातेरी मात्र खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला, नख फिरवलं ते थेट सांध्यावर. "एकदाही दगड लागलेला नाही याला," ते म्हणाले, "आणि हा लागलेला नाही म्हणजे बाकीच्या दोघांवरही माझा विश्वास बसतो. एकाच माणसाच्या पेटीतले आहेत ना." साध्या धारेचा चाकू स्वतःबद्दल जे सिद्ध करू शकत नव्हता, ते त्याच्या शेजारच्याने सिद्ध केलं. संच एकत्र दिला. तिघांचे सुटे भाव मिळवले असते त्यापेक्षा बरीच जास्त रक्कम आली आणि तिचे तीन समान भाग झाले. मामींनी पैसे मोजताना एवढंच विचारलं, "हे दातवाले कमी भावाचे हायेत म्हने ना तू?"

बाकीचे चाकू मग भांडण न होता वाटले गेले. मरीनर विकायचा नाही, यावर तिघी आधीच एक होत्या. तो मामींच्या कपाटात राहिला, म्यानाबाहेर, तेलाचा हात लावून. स्विस सैनिकी चाकूंची जोडी नाशिकला गेली. सांधा सरळ असलेला एन्ड्युरा धाकटीने घेतला. भिंगाचं वेड तिला लागलंच आहे, आता ती त्याचा साध्या धारेचा आणि पूर्ण दातेरी भाऊ शोधते आहे.

पायरी पडलेला दुसरा एन्ड्युरा थोरल्या ताईने मागून घेतला. तिचं सासर शिरपूरकडे, घरची शेती. मी भाव लिहिताना तो यादीत खाली टाकला होता, पण तिला वापरायलाच हवा होता, आणि वापरायला त्याच्याइतका योग्य दुसरा नव्हता. देण्याआधी तिला दोन गोष्टी शिकवल्या: तिकोनी सिरॅमिक कांडीची कड एकेका गोलाईत कशी फिरवायची, आणि सपाट बाजू दगडावर का टेकवायची नाही. तिच्या हाताला ते पटकन जमलं. आठवडा झाला नसेल, ठिबकच्या कापलेल्या नळ्यांचा फोटो आला आणि मागोमाग फोन. "दादा, साध्या भागाला धार लावली तर ती पायरी अजून वाढेल ना? चालेल का?" म्हटलं, वाढू दे ताई, तो कामाचा चाकू आहे, फक्त सायकलवाल्याच्या हातात देऊ नको.